पूर, दुष्काळ आणि पहिली साठ पानं

जुलै सरत आला की सांगलीत भेटणारा माणूस "काय, बरं आहे ना?" असं विचारत नाही. "आयर्विनला किती?" असं विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फूट. समोरच्यानं नुसतं "अडतीस" म्हटलं तरी बोलणं पूर्ण होतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. नदीकडच्या गल्लीतला माणूस ४० ऐकून फ्रिज विटांवर चढवतो आणि ४३ ऐकून गाद्या माळ्यावर टाकतो. २०१९ च्या ऑगस्टात हाच आकडा ५७ च्या वर गेला होता. तेव्हापासून पुलाखालच्या त्या पट्टीवर लोकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा भिंतीवरच्या घड्याळावरही नसेल.

परक्या अद्भुतकथेत शिरायलाही हाच आकडा उपयोगी पडतो. आता रॉबर्ट जॅक्सन बेनेटची 'द टेंटेड कप' ही इंग्रजी कादंबरी घ्या. २०२५ साली हिला सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांचा मोठा पुरस्कार, मिळाला आणि अद्भुतकथा वाचणाऱ्यांच्या हातात ती अजून फिरते आहे. हिच्यातल्या साम्राज्यावर दर पावसाळ्यात समुद्रातून डोंगराएवढे प्राणी चालून येतात. त्यांना थोपवायला किनाऱ्याला भिंती आहेत, तोफा आहेत. भिंतीला भगदाड पडलं की मागची वस्ती गेलीच. गोष्ट तशी खुनाच्या तपासाची आहे: एका अधिकाऱ्याच्या अंगातून चक्क झाड उगवतं आणि तो मरतो. तपास करणारी बाई डोळ्यांवर पट्टी बांधून बसते. तिचा तरुण मदतनीस जे पाहील ते जसंच्या तसं लक्षात ठेवतो आणि आठवण काढायची झाली की वेगवेगळ्या वासांच्या कुप्या हुंगतो. पण तपास चालू असताना प्रत्येकाचा एक कान भिंतीकडं असतो. यंदा भिंत टिकेल का? डागडुजीचा पैसा कुणी खाल्ला? हे वाचताना सांगलीकराला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही. तो पान उलटतो आणि मनात म्हणतो, म्हणजे आता बेचाळीसला आलंय.

अद्भुत किंवा विज्ञानकथेच्या जगात शिरताना इंग्रजी आडवं येतं असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. चांगलं इंग्रजी असलेली माणसंही ही पुस्तकं तिसाव्या पानावर मिटतात. आडवी येतात ती पहिली साठ पानं. तेवढ्यात लेखक तीसएक नावं, दहा-बारा बनवलेले शब्द आणि दोन-तीन धर्म अंगावर टाकतो. तिथं टिकायला एकच गोष्ट लागते: त्या जगातली अशी एखादी वस्तू, जिची किंमत तुमच्या अंगाला आधीच ठाऊक आहे. ती सापडली की बाकीचं आपोआप तिच्याभोवती लागत जातं.

सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग बघा. पश्चिमेला वाळवा-पलूसमध्ये पाणी घरात शिरतं त्याच वर्षी जत-आटपाडीत टँकरची वाट बघणं चालू असू शकतं. म्हैसाळ आणि टेंभू या योजना कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून तिकडं नेतात. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. ज्या मुलखानं आगगाडीतून पाणी जाताना पाहिलंय त्या मुलखाला फ्रँक हर्बर्टची १९६५ ची 'ड्यून' अवघड वाटायचं कारण नाही. तिच्यातल्या एका प्रसंगात वाळवंटातल्या टोळीचा प्रमुख स्टिलगार मोठ्या सरदाराच्या बैठकीत येतो आणि टेबलावर थुंकतो. टेबलाभोवतीची माणसं ताडकन उठतात. मग कुणीतरी सांगतं की जिथं थेंबाथेंबाचा हिशेब आहे तिथं स्वतःच्या अंगातलं पाणी समोर ठेवणं हा आदर आहे. जतच्या म्हाताऱ्या माणसाला हा प्रसंग तोंडी सांगून बघा. तो "बरोबर आहे की" म्हणेल, आणि पुण्यातल्या साहित्यप्रेमीआधी म्हणेल.

'ड्यून'च्या शब्दांचंही तसंच. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे आणि बहुतेक जण दर दोन ओळींना तिकडं धावून दमतात. मराठी माणसाला निम्म्या वेळा धावायची गरज नाही. तिथला सम्राट 'पादिशाह' आहे. आपल्या बखरी 'पातशहा'शिवाय पुढं सरकत नाहीत. टोळीचा प्रमुख 'नायब' आहे. आपल्याकडं रेशनकार्डाच्या कामाला नायब तहसीलदारांपुढं उभं राहावं लागतंच. 'शैतान' आहे, अंगावर घ्यायचा 'बुर्का' आहे. हर्बर्टनं अरबी-फारसीतून उचललेले शब्द आपल्याकडं शतकानुशतकं कचेरीत आणि बाजारात वापरात आहेत. लंडनच्या वाचकाला जे परकं आणि गूढ वाटावं म्हणून त्यानं घातलं, ते आपल्याला तालुक्याच्या गावचं वाटतं. यातली थोडी गंमत जाते हे खरं, पण वाट सोपी होते.

ही साठ पानं तीन बैठकांत उरकायची, रोज वीस. रात्री अकराला पाच-पाच पानं वाचली की दुसऱ्या दिवशी नावं विसरलेली असतात, मग पुन्हा मागं जावं लागतं, आणि आठवड्यानं पुस्तक उशीखाली जातं ते जातंच. पहिल्या बैठकीत शब्दकोश उघडायचा नाही. न कळलेला शब्द तसाच गिळायचा. महत्त्वाचा असेल तर लेखक तो दहा पानांत पुन्हा आणतो. दुसऱ्या बैठकीला वहीचं अर्धं पान घ्यायचं आणि त्यावर फक्त नियम लिहायचे. माणसं आणि गावं लिहायला लागलात तर पान भरतं आणि हातात काही राहत नाही. नियम म्हणजे 'पाणी उघड्यावर सांडायचं नाही', 'भिंत पावसाळ्यात फुटते', असलं काहीतरी. साठाव्या पानापर्यंत या यादीत एकही नियम असा नसेल ज्याची किंमत तुम्हाला कळते, तर पुस्तक बेलाशक परत करा. आणि मध्येच मोबाइलवर पात्राचं नाव शोधायचं नाही. नाव अर्धं टाइप होतं न होतं तोच खाली सूचना येते, त्यात त्याचा मृत्यू कसा झाला हेच पहिलं असतं.

न कळलेलं गिळून पुढं जाण्याची सवय आपल्याला नवीन नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला याच सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्या पद्धतीच्या नाटकांत गणपती प्रकट व्हायचा, मोरावर बसून सरस्वती यायची, आणि तोंड रंगवलेले राक्षस 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत तलवारी परजत यायचे. राक्षस कुठल्या लोकातून आला, त्याची भाषा कुठली, हे समजून घेतल्याशिवाय पुढं बघणार नाही असं कुणी म्हणालं नाही. पुराणाला बसणारी आजीही कथेकऱ्याला मध्येच थांबवून कल्पवृक्षाचं वनस्पतिशास्त्र विचारत नसे. हाच वाचक-प्रेक्षक इंग्रजी पेपरबॅक हातात आलं की एकदम चिकित्सक का होतो, देव जाणे.

विज्ञानकथेत मात्र चिकित्सा करायलाच हवी, कारण तिथली मजा त्यातच आहे. अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) हे सध्या बहुतेक नव्या वाचकांचं पहिलं पुस्तक असतं, आणि ते योग्यच आहे. नायक अनोळखी खोलीत जागा होतो, स्वतःचं नावही आठवत नाही, पण वस्तू खाली पडताना काहीतरी चुकतंय एवढं कळतं. तो टेस्टट्यूब खाली टाकून वेळ मोजतो, गणित मांडतो आणि गुरुत्व सेकंदाला सेकंदाला १५ मीटर काढतो. पृथ्वीवर ते ९.८ असतं. म्हणजे आपण पृथ्वीवर नाही.

हे पान नुसतं वाचून पुढं जाऊ नका. सुतळीला कुलूप बांधा आणि दाराच्या चौकटीला टांगा. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर भरू द्या. वीतभर बाजूला ओढून सोडा आणि दहा झोके मोजा, जाऊन परत आलं की एक. २० सेकंद लागतील. १५ चं गुरुत्व असतं तर त्याच दहा झोक्यांना सुमारे १६ लागले असते. तुमचं उत्तर १८ आलं तर तुम्ही अवकाशात नाही, मोजणी 'एक'पासून सुरू केली आहे. कुलूप सोडताना 'शून्य' म्हणायचं असतं. उत्तर साडेवीसच्या आसपास येत असेल तर दोरी कुलपाच्या कडीपर्यंत मोजली आहे, मध्यापर्यंत नाही. वीसच्या बरंच वर जात असेल तर फार लांबून सोडलंय. झोका मोठा झाला की वेळ वाढतो. एवढं केलेला आठवीतला पोरगा ते पुस्तक भाषांतराशिवाय वाचतो. अडेल, अडखळेल, पण सोडणार नाही.

जाड पुस्तकांचे प्रश्न वेगळे, आणि ते पहिल्यांदा दुकानात सुरू होतात. ब्रँडन सँडरसनचं नाव ऐकून माणूस 'द वे ऑफ किंग्ज' मागवतो. हजारेक पानांचा हा ऐवज ब्रिटिश पेपरबॅकमध्ये दोन खंडांत येतो आणि मुखपृष्ठावर 'पार्ट वन' बारीक अक्षरात असतं. साडेपाचशे पानं वाचून झाल्यावर शेवटच कसा नाही म्हणून कपाळाला हात लावणारे पुष्कळ. मागवताना पानांची संख्या बघा. पाच-सहाशे दिसली तर दुसरा भाग वेगळा घ्यावा लागणार. त्याहून चांगला रस्ता म्हणजे सुरुवात 'मिस्टबॉर्न'पासून करा. तीन पुस्तकं, गोष्ट पूर्ण. त्यातली जादू धातूंची: माणसं धातूचा कीस गिळतात आणि पोटात 'जाळतात'. कथील जाळलं की कान-डोळे तीक्ष्ण होतात. पोलाद जाळलं की धातूच्या वस्तू दूर लोटता येतात, पण नाणं तुमच्यापेक्षा हलकं म्हणून ते उडतं, आणि लोखंडी खांबाला ढकललंत तर तुम्हीच मागं फेकले जाता. ज्यानं दारावरच्या कल्हईवाल्याला नवसागर टाकून कथील फिरवताना पाहिलंय त्याला या पुस्तकाचा वासही येईल. मग 'द वे ऑफ किंग्ज'ची मोठी मालिका. तिच्यात 'वर्ड्स ऑफ रेडिअन्स'च्या आधी 'वॉरब्रेकर' वाचलेलं बरं, आणि 'ओथब्रिंगर'च्या आधी 'एजडान्सर'. पाचवं पुस्तक 'विंड अँड ट्रूथ' डिसेंबर २०२४ मध्ये आलं आणि अर्धी वाट संपली. बेत दहांचा आहे. पाचव्यात पसारा फार झालाय हे माझं मत, पण इथवर आलेला वाचक मतं विचारत नाही.

असं जाड पुस्तक नवं असताना मधोमध फाकवलं की पाठीचा डिंक तडकतो आणि महिन्याभरात पानं सुटतात. पाठ टेबलावर टेकवायची, पुढची दहा-बारा पानं उघडून दाबायची, मग मागची दहा-बारा, असं दोन्हीकडून मध्यापर्यंत यायचं. पाच मिनिटांचं काम. जुन्या बाजारातून घेताना फर्मे तपासायचे. पुस्तक सोळा किंवा बत्तीस पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं, म्हणून बांधताना चूक झाली तर पान एकटं हरवत नाही, सोळाची टोळी जाते. किंवा एकच फर्मा दोनदा येतो आणि ऐन लढाईत नायक पुन्हा न्याहारीला बसतो. अंगठ्यानं कडा सोडत पानांचे आकडे बघितले की दुकानातच कळतं. पुरात भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वेडीवाकडी होतात. पंख्याखाली उभं करून मध्ये मध्ये टीपकागद किंवा साधा कोरा कागद घालायचा आणि तो बदलत राहायचं. दोन-तीन दिवसांत सुकलं नाही तर बुरशी धरते. गुळगुळीत कागदाचं असेल तर आशा सोडा. तो ओला असताना एकमेकांना चिकटतो आणि सुकल्यावर वीट होते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लिऊ त्सिशिनच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'मध्ये नावांचा घोळ होतो, कारण चिनी लोक आडनाव आधी लावतात. 'ये वेनजिए'मधलं 'ये' हे आडनाव. मार्था वेल्सचा मर्डरबॉट हा माणसांपेक्षा मालिका बघण्यात रमणारा सुरक्षायंत्रमानव. पहिलं पुस्तक दीडशे पानांचं, सातारा-पुणे एसटीत जाता-येता संपतं. ड्रॅगन आणि प्रेमप्रकरणं एकत्र असलेल्या कादंबऱ्यांना नाकं मुरडणारे खूप आहेत, पण 'फोर्थ विंग'नं ज्या मुलींना पाचशे पानांची सवय लावली त्या पुढं काय वाचतील हे बघण्यासारखं आहे. टेरी प्रॅचेटची डिस्कवर्ल्डमधली ४१ पुस्तकं पहिल्यापासून वाचू नका. आठवं, 'गार्ड्स! गार्ड्स!', इथून शिरा.

अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मात्र घाईत उरकू नका. त्या बेटांवर प्रत्येक वस्तूला एक खरं नाव आहे आणि ते ज्याला कळलं त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव लपवतात, ते फक्त जिवाभावाच्या माणसाला सांगतात. पाश्चात्त्य वाचकाला ही सुंदर कल्पना वाटते. आपल्याकडं कालपरवापर्यंत बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नव्हत्या. 'अहो', 'इकडून', 'बाळूचे बाबा'. आणि नाव घ्यायचंच झालं तर यमक जुळवून, चारचौघांत, ताटाभोवतीच्या रांगोळीसमोर. नावात काहीतरी आहे हे ज्या घरांनी उखाण्यात जपलं त्यांना ले ग्विनची जादू समजावून सांगावी लागत नाही. सासूचं मत विचारलंत तर कदाचित तिच्याकडं अजून दोन नियम निघतील.

मराठीतलं शोधायचं तर वाचनालयात योग्य कपाटापाशी उभं राहता आलं पाहिजे. मराठी कथा-कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३. पण नावात 'विज्ञान' किंवा 'अंतराळ' दिसलं की पुस्तक ५०० च्या विज्ञानाच्या कपाटात जाऊन बसू शकतं, नाहीतर बालविभागात. तेव्हा तिन्ही ठिकाणी बघा, आणि ग्रंथपालांना 'सायन्स फिक्शन' असं न विचारता लेखकाच्या नावानं विचारा: नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे. गूढकथांच्या फळीवर धारप आणि मतकरी. 'नवल' आणि 'धनंजय'चे जुने दिवाळी अंक बांधून ठेवलेले असतील तर तो खजिनाच. टॉल्किनची त्रयी मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आणली आहे. महाबळेश्वरजवळच्या 'पुस्तकांच्या गावा'ला, भिलारला जाणार असाल तर घराघरांत विषयवार पुस्तकं आहेत, तिथं अर्धा दिवस ठेवा. स्ट्रॉबेरीच्या हंगामात गर्दीत वाचन होत नाही.

जयंत नारळीकर मे २०२५ मध्ये गेले आणि त्यांच्या कथा पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पण साताऱ्याच्या वाचकानं हातात घ्यावी ती 'गंगाधरपंतांचे पानिपत'. प्राध्यापक गायतोंडे मुंबईला निघतात आणि पोचतात अशा मुंबईत जिथं पानिपत मराठ्यांनी जिंकलंय. ग्रंथालयात ते बखर उघडतात, आणि विश्वासरावांना लागलेली गोळी इथं तिळाच्या अंतरानं चाटून गेलेली असते. सगळा फरक त्या तिळाएवढाच. असल्या कथेचा पहिला कायदा हाच: बदल एकच करायचा, आणि तो लहान असला पाहिजे. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्यात झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष 'पानिपत'कार विश्वास पाटील होते. घडलेलं पानिपत आणि न घडलेलं पानिपत दोन्ही मराठीत आहेत, शेजारी ठेवून वाचावीत.

साताऱ्याकडं स्वतःचा तीळही आहे. १८३९ मध्ये कंपनीनं प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथं खेटे घालत राहिले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी बसवलेले धाकटे बंधू शहाजी वारले, दत्तक नामंजूर झाला, राज्य खालसा. आता दत्तक मंजूर झाला असं धरा. लिहायला बसणारे इथंच घसरतात: दुसऱ्या पानावर लाल किल्ल्यावर भगवा. तसं नाही. आधी त्या आठवड्यात काय बदललं ते लिहा: खजिन्याच्या किल्ल्या कुणाकडं राहिल्या, रेसिडेंटच्या पत्राची भाषा कशी झाली. मग वर्षानंतरचं. झाशी, नागपूरला डलहौसीनं हाच डाव टाकला असता का? पन्नास वर्षांनंतरचं शेवटी, आणि तेही एखाद्या कारकुनाच्या डोळ्यांनी.

कच्चा माल शोधायला लांब जायला नको. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. त्या भागातली जमीन आतून का हलते हे बघायला पाटण तालुक्यात गोठण्याला सुमारे ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय. कराडजवळ हजारमाचीला त्याची प्रयोगशाळा आहे. धारपांवर वाढलेला वाचक ही बातमी ऐकून पहिलं विचारतो, "वर काय आलं?" वर आला तो आधी सह्याद्रीचा काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. आणि त्याला लागून, मध्ये गाळाचा एक थरही नसताना, एकदम अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट. मधले सगळे फर्मे गायब.